पोटातली वाळवी

मायाक्का बंडगरनं गवताच्या गंजीत कोपरापर्यंत हात घातला आणि झटक्यात बाहेर ओढला. मनगटाच्या वरची कातडी लाल झाली होती.

कार्तिकातली सकाळ. जत तालुक्याच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या हुलगेवस्तीवर या दिवसांत बोटं गारठतात. आणि ही गंज आतून चुलीसारखी तापलेली.

"मायाक्का, उकलू नको तिला!" शेजारच्या ओट्यावरून तिचा थोरला दीर बिराप्पा ओरडला. "हाय तशी राहू दे. वारं आत गेलं की पेटंल!"

पण त्या गंजीत बाराशे पेंढ्या होत्या. चंद्री आणि कपिली या दोन खिलार गाई आणि मैना नावाची कालवड, तिघींचं पुढच्या पावसापर्यंतचं पोट तिथं रचलेलं होतं. मायाक्काला नुसतं बघत उभं राहवेना. तिनं वरच्या पेंढ्या ओढायला सुरुवात केली. आतलं गवत काळपट पडलं होतं आणि त्याला भाजक्या तंबाखूचा वास येत होता. पाचव्या थराला धूर आला, आणि धुरामागून जाळ. दोघांनी मिळून हौद उपसला तरी दुपारपर्यंत राखेचा ढीग तेवढा उरला.

कापलेलं गवत लगेच मरत नाही. ओल असेपर्यंत त्याच्या पेशी श्वास घेत राहतात, त्यावर बुरशी आणि जिवाणू पोसतात, आणि या सगळ्यांची ऊब गंजीच्या पोटात कोंडून राहते. एका मर्यादेनंतर त्या उबेत जिवाणूही मरतात, पण तोवर गवतातल्या रसायनांचीच आपसात झटापट सुरू झालेली असते आणि उष्णता चढतच जाते. मग फक्त हवेची वाट असते. बिराप्पाला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. त्यानं लहानपणी एक गंज अशी जाताना पाहिली होती, एवढंच.

दोन्ही घरांचं कुरण एकच होतं, अकरा एकरांचं. नवरा गेल्यापासून मायाक्का आपल्या वाट्याचं गवत स्वतः कापायची. त्या साली पाऊस सगळा मिळून आठ दिवस पडला होता, आणि गवत कापून माळावर पसरल्यावर तो पुन्हा आला. गेली काही वर्षं हे असंच चाललं होतं. मोबाईलवर आता एकेका वस्तीपुरता, तासातासाचा अंदाज यायचा. त्यात दोनच दिवसांची उघडीप दिसत होती. मायाक्कानं गवत अर्धं ओलं असतानाच घाईनं रचलं. बिराप्पानं आपलं माळावरच राहू दिलं. ते परत भिजलं, पांढरं पडलं, त्यातला कस गेला. पण उरलं.

"चार दिस दम धरला असतास तर..." राख उकरता उकरता बिराप्पा म्हणाला.

"तुमचं न्हाय जळलं भावजी, म्हणून सुचतंय तुमास्नी."

दोघंही खरं बोलत होते, म्हणून ते दोघांनाही लागलं.

*

डोस आणला तो रेणुकानं. रेणुका मायाक्काची एकुलती मुलगी. पशुवैद्यकाची पदविका घेऊन ती एका संशोधन संस्थेच्या प्रकल्पावर लागली होती आणि तालुक्यातल्या वस्त्यांवर मोटारसायकलवरून हिंडत असायची. पौषात ती घरी आली ती एक निळा कॅन घेऊन. आत हिरवट-तपकिरी पाणी होतं.

"ही काय शेणकाल्याची बादली आणलीस?" मायाक्कानं नाकाला पदर लावला.

"जवळपास तसलंच हाय." रेणुका अंगणात उकिडवी बसली. "आई, गाय गवत पचवत नाही, ठाऊक हाय तुला?"

"मग मी पचवती व्हय?"

रेणुका हसली. मग तिनं काटकीनं मातीत गाईचं पोट काढलं आणि सांगायला लागली. गाईच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे शंभर लिटरची कोठी. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. गवत ते खातात, आणि ते जे बाहेर टाकतात त्यावर गाय जगते. आता लाकडातही खाण्याजोगं पुष्कळ असतं, पण ते लिग्निन नावाच्या एका चिवट द्रव्यात जखडलेलं असतं. गाईच्या पोटातल्या कुठल्याच जिवाला ते सोडवता येत नाही. वाळवीच्या पोटातल्या जिवांना येतं. संस्थेनं त्यातलेच काही जीव घेतले, त्यांच्यात थोडे फेरफार केले आणि गाईच्या पोटात रुजतील असे केले. एकदा पाजलं की ते आपले आपण वाढतात.

"मग ओढ्यातली वेडी बाभूळ तोडायची, यंत्रातून भुगा करायचा आणि गव्हाणीत टाकायचा," रेणुका म्हणाली. "गवत नको, कडबा नको. दुष्काळ पडला तरी ओढाभर चारा उभाच हाय की!"

बिराप्पा खांबाला टेकून ऐकत होता. त्याची बायको सांगलीला मुलाकडं राहायची. बैलजोडी त्यानं आदल्या साली विकली होती, आता एक हरणी गाय तेवढी उरलेली. त्यानं विचारलं, "आणि उद्या नकोसं झालं, तर काढायचं कसं?"

"काढायचं कशाला आप्पा?"

"मी पाचर ठोकायच्या आधी ती निघंल कशी, ते बघतो. म्हणून इचारलं."

रेणुकानं कॅनचं झाकण घट्ट केलं. "संस्थेनं दोन वर्षं तपासलंय," ती म्हणाली.

मायाक्काचं लक्ष गोठ्याकडं होतं. कपिलीच्या बरगड्या मोजता येत होत्या. तिनं पदर खोचला. "पाज," ती म्हणाली.

डोसातले जीव लाळेतून दुसऱ्या जनावरात जातात, हेही रेणुकानंच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी बिराप्पानं दोन घरांच्या मधल्या अंगणात काटेरी फांद्यांचे फास रोवून कुंपण घातलं आणि हरणीसाठी पाण्याची वेगळी डोण आणली. तोवर त्या अंगणात आडवं असं कधी काही नव्हतं.  

*

उन्हाळा भाजून काढत आला. गावोगावच्या छावण्यांत कडब्यासाठी रांगा लागल्या, लोकांनी जनावरं मिळेल त्याला देऊन टाकली, आणि मायाक्काच्या गोठ्यात मात्र दिवसभर कुरकुर ऐकू यायची. तीन जनावरं लाकूड चावत होती. चंद्री दूध देत होती. मैनाच्या अंगावर चकाकी आली होती. चैत्र संपेतो आसपासच्या वस्त्यांवर तीसेक जनावरांना डोस मिळाला. ज्यांनी नाही म्हटलं त्यांचीही जनावरं गावच्या एकाच हौदावर तोंड घालायची, त्यामुळं तो त्यांच्याही पोटात पोचला. लोक त्याला 'वाळवी' म्हणायला लागले. तुझ्या गाईला वाळवी हाय का, असं विचारायचे.

मायाक्काला बरं वाटायला हवं होतं. पण तिला चैन पडत नसे. चंद्रीनं आपला खुंटाच खाऊन टाकला. कपिलीनं कडुलिंबाची साल मान पोचेल तिथवर सोलली. गोठ्याच्या चौकटीला रोज नव्या खाचा दिसत. एकदा भाकरी थापताना मायाक्काचं लक्ष गेलं, तर दारातून मैना परातीकडं बघत नव्हती, पोळपाटाकडं बघत होती.

वैशाखात कपिली कुंपणातून घुसली. बिराप्पाच्या भिंतीला जू टेकवून ठेवलेलं होतं, त्याच्या वडिलांनी घडवलेलं. बैल गेले तरी त्यानं ते ठेवलं होतं. मायाक्का धावत गेली तेव्हा अर्धं जू शिल्लक होतं.

"मी नवं करून घेते, भावजी."

बिराप्पानं उरलेला तुकडा उचलला, दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं. "मला कुठं बैल हाईत आता," तो म्हणाला आणि आत गेला. त्या दिवसापासून त्यानं कुंपण कमरेचं छातीएवढं केलं आणि मायाक्काशी बोलणं बंद केलं.

*

आषाढ सरत आला तेव्हा पाऊस आला, आणि थांबेना. आठ दिवसांत माळ हिरवा झाला. पवना गवताची कोवळी पाती, मधून मधून रानमेथी. नऊ महिने मातकट रंग बघितलेल्या डोळ्यांना ते बघून पुरे होत नव्हतं. संस्थेचा निरोप होता की हिरवं हळूहळू द्या. मायाक्कानं हिशेबानं एक तास ठरवला, तिघींना कुरणाच्या कडेला नेलं आणि सोडलं. कपिली पुढं होती. ती कोवळ्या गवतात तोंड खुपसून वर काढेना.

अर्ध्या तासात तिची डावी कूस फुगली. मागं कडेच्या सुक्या काटक्या चघळत रेंगाळलेल्या चंद्री-मैनाला मायाक्कानं आधी दाव्याला बांधलं.

पोटफुगी मायाक्कानं आयुष्यात पुष्कळ पाहिली होती. गाईला चढावर उभं करावं, जीभ ओढावी, कूस चोळावी, ढेकर आली की उतरते. तिनं तेच केलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कपिलीची कूस पाठीच्या कण्याच्याही वर आली, जीभ निळी पडली. मग मायाक्कानं रेणुकाला फोन केला. रेणुका शेजारच्याच वस्तीवर होती, चिखलातून मोटारसायकल ढकलत आली. अर्धा लिटर तेल पाजलं, मग कुशीत जाड पोकळ सुई घातली. वायू सुटून फुस्स आवाज यायला हवा होता. सुईतून साबणासारखा हिरवा फेस आला आणि सुई बुजली.

कपिली गुडघ्यांवर बसली आणि मग आडवी झाली.

"मी लवकर फोन करायला पायजे हुता," मायाक्का म्हणाली.

रेणुका पावसात सुई धरून तशीच बसली होती. "न्हाय आई. डोस आणला कुणी?"

संस्थेनं दोन वर्षं तपासलं होतं हे खरं. पण संस्थेच्या शिवारात ती दोन्ही वर्षं कोरडी गेली होती. डोस घेतलेल्या गाईपुढं कोवळं हिरवं गवत आलं तर काय होतं, हे बघायला हिरवं गवतच नव्हतं. लाकडाचं कुलूप तोडणाऱ्या जिवांपुढं कोवळं पातं म्हणजे उघडंच कोठार. ते सगळे एकदम तुटून पडतात. वायू इतक्या झपाट्यानं सुटतो की पोटातला रस उतू जाणाऱ्या दुधासारखा फेसाळतो. फेसातल्या वायूला वाट मिळत नाही, ढेकर येत नाही, आणि फुगलेलं पोट फुप्फुसं दाबून टाकतं. संध्याकाळपर्यंत तालुक्यातून अकरा जनावरं गेल्याचे फोन आले. मग संस्थेचा संदेश आला. हिरवं अजिबात देऊ नका, मूठभरसुद्धा नको. सुकंच द्या.

पण सुकं होतं कुठं? लाकडाच्या भुग्याच्या ढिगावर ताडपत्री होती तरी आत ओल शिरली आणि बुरशीनं तो काळा पडला. ओढ्याला पूर, वेडी बाभूळ पाण्याखाली. सगळा माळ गुडघाभर हिरवा आणि त्यातलं एक पातंही चालत नाही. मायाक्कानं घरातली बाज फोडली, तिचे पाय कुऱ्हाडीनं बारीक केले आणि चंद्रीपुढं टाकले. मैना हिरव्याच्या वासानं दाव्याला हिसके देत होती. मायाक्का गोठ्यातून दारात, दारातून गोठ्यात अशा फेऱ्या घालत होती. जरा बसली की पुन्हा उठे आणि दाव्याची गाठ तपासे.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी रेणुका जुनं पाठ्यपुस्तक घेऊन आईपुढं बसली.

"एक करता येईल. मोजून मोरचुदाचं पाणी पाजलं की वाळवी मरते. मी काल संस्थेतल्या मॅडमना विचारलं, त्यांच्या तपासणीतही तसंच दिसलंय."

"मग पाज की."

"तिच्याबरोबर गाईचे स्वतःचे जीवही मरतात. मग पोट म्हणजे रिकामी कोठी. गाय खाईल पण पचणार नाही. पोट धुऊन, त्यात चांगल्या गाईच्या पोटातला ताजा रस भरायला लागतो. तो रुजतो, वाढतो, आणि गाय पहिल्यासारखी होते. जुनाच उपाय हाय, आजारी जनावराला करतात."

"चांगली गाय म्हंजे?"

"वाळवी नसलेली. मी पट्टी लावून सगळ्या वस्त्यांवर लाळ तपासली. दहा मैलांत एकच हाय." रेणुकानं कुंपणाकडं बघितलं. "आणि ती गाभण हाय. पाच महिन्यांची. रस काढला तर आठ दिवस तिला पुन्हा हात लावायचा नाही. म्हणजे एका वेळी एकच जनावर."

"तू इचारणार?"

"मी कोणत्या तोंडानं विचारू?"

मायाक्का उठली. कुंपणाला वळसा घालून रस्त्यानं पुढच्या दाराशी गेली, परक्या घरी जावं तशी. बिराप्पा हरणीच्या पाठीवरच्या गोचिडी काढत होता. त्यानं मान वर केली नाही. मायाक्कानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कपिलीचं, मोरचुदाचं, रसाचं. बिराप्पानं काढलेली गोचीड दगडाखाली चिरडली.

"काढता येतं म्हण की," शेवटी बिराप्पा म्हणाला.

"आता कळलंय."

"मी तवाच इचारलं हुतं."

"व्हय. इचारलं हुतंसा." तिनं ओला पदर पिळला. "मी त्या दिशी गंज उकलली, तवाबी तुमी नको म्हणत हुता. मला थांबताच येत न्हाय भावजी. समोर जनावर भुकेलं असलं की मला थांबता येत न्हाय. त्याला मी काय करू?"

बिराप्पानं हरणीच्या कानामागं हात फिरवला. 

"हिला काय झालं तर?"

रेणुका मागून येऊन दारात उभी होती. "नळी घालताना त्रास होईल आप्पा. वासराला धोका नाही, असं पुस्तक म्हणतं. मी स्वतः आजवर एकदाच केलंय."

"खरं बोललीस, बरं केलंस." तो उठला. "कुणाला देणार? चंद्रीला का कालवडीला?"

त्याचं उत्तर मायाक्कानं येतानाच ठरवलं होतं, तरी ते तोंडातून निघायला वेळ लागला. चंद्री तिच्या नवऱ्यानं आणलेली. "मैनाला. ती दाव्याला ठरत न्हाय. चंद्री दम धरती."

"मग चंद्रीला माझ्या गंजीतलं घाल. तीसेक पेंढ्या असतील. हरणीला आता माळ हाय."

*

दोन दिवसांनी रस काढला, त्यात दुपार गेली. आदल्या दोन दिवसांत मैनाला मोरचुदाचं पाणी दिलेलं होतं, मग नळीनं तिचं पोट धुतलं. बिराप्पा हरणीचं डोकं काखेत धरून तिच्याशी एकसारखा काहीतरी पुटपुटत होता. नळीतून कोमट, आंबूस वासाचा रस बादलीत येऊ लागला तेव्हा रेणुकानं त्यावर गोधडी टाकली. गार झाला तर मरतो. बादली कुंपणातूनच पलीकडं दिली. एक फास मायाक्कानं आधीच उपटून बाजूला टाकला होता.

तीन दिवस मैना खाली मान घालून उभी राहिली. चौथ्या दिवशी तिनं सुक्या गवताची पेंढी संपवली. सहाव्या दिवशी रेणुकानं लाळेची पट्टी लावली. वाळवी असती तर तिचा रंग बदलला असता; बदलला नाही. आता एकच बघायचं राहिलं होतं.

सकाळी पाऊस जरा थांबला होता. मैनाला लांब दाव्यानं बांधून त्यांनी कुरणाच्या कडेला सोडलं. मायाक्कानं तिच्या डाव्या कुशीवर तळहात ठेवला. रेणुकाच्या हातात सुई होती. बिराप्पा थोड्या अंतरावर उभा होता.

वीस मिनिटं काही झालं नाही. मग तळहाताखाली कूस हळूच वर आली.

"आई, सर बाजूला," रेणुका म्हणाली. तिनं सुई वर धरली.

"थांब."

"कपिलीच्या वेळी थांबलो तेच चुकलं!"

"थांब म्हणते ना." मायाक्कानं कुशीवर बोटानं टिचकी मारली, कान लावला, पुन्हा मारली. कपिलीची कूस तिला आठवत होती. ती मळलेल्या कणकेसारखी लागली होती, मारल्यावर आवाजच नव्हता. ही वाजत होती. पोकळ, हलगीसारखी. "फेस न्हाय. वारा हाय नुसता. निघंल."

कूस आणखी बोटभर वर आली. रेणुका रडायच्या बेतात होती. मायाक्काचा सगळा जीव तिच्या तळहातात आला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा ती काही न करता उभी होती. मैनानं मान लांब केली. तिच्या गळ्यातून खालून वर काहीतरी सरकत गेलं आणि तिनं मोठी, ओंगळ वासाची ढेकर दिली. कूस खाली बसली. थोड्या वेळानं जबडा आडवा फिरायला लागला. मैना रवंथ करत होती.

बिराप्पा चिखलातच खाली बसला.

*

आठव्या दिवशी हरणी दुसऱ्या रसासाठी मोकळी झाली. चंद्रीला मोरचूद सुरू करायचा त्याच सकाळी हौसाबाई ऐवळे आली. ती ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची, एकटी राहणारी. पुराच्या कंबरभर पाण्यातून तिनं आपली गाय ओढत आणली होती. गाय हाडांचा सापळा झाली होती. "चार दिस झालं, हिच्या पोटात काय न्हाय," हौसाबाई म्हणाली. "हिरवं दिलं तर मरंल, न्हाय दिलं तर मरंल. मी काय करू, सांगा."

 रेणुकानं हिशेब केला. मैनाच्या पोटातला रस पंधराव्या दिवशी दुसऱ्याला देण्याजोगा होईल. तोवर सात दिवस. आणि बिराप्पाची गंज काल संपली होती.

"निम्मा निम्मा देता येईल का?" मायाक्कानं विचारलं.

"निम्मा कदाचित कुणातच रुजणार नाही."

मायाक्का गोठ्यात गेली. चंद्रीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि सवयीनं तिच्या पदराचं टोक चाटलं. मायाक्का बाहेर आली तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलेलं होतं.

"आधी हिची कोठी भरा," ती म्हणाली.

"आणि चंद्री?" रेणुका म्हणाली. "सात दिवस आई! काय घालणार तिला?"

 मायाक्का कुऱ्हाड घेऊन घरात गेली. चौकट, फळी, पाट, काय तोडता येईल ते शोधू लागली. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेरून कसलासा ओरबाडल्यासारखा आवाज आला म्हणून तिनं डोकावलं.

बिराप्पा शिडी लावून आपल्या घराच्या छपरावर चढला होता. छप्पर गवताचं होतं, त्याच्या बापाच्या वेळेपासून थरावर थर चढवलेलं. वरचा थर भिजून काळा झालेला. त्यानं तो विळ्यानं बाजूला केला आणि आत हात घातला. आतलं गवत बाहेर आलं ते सोनेरी, ठणठणीत सुकं आणि धुरानं खरपूस वासाचं. चाळीस वर्षांचं जून गवत. साध्या गाईनं ते हुंगलंही नसतं.

"भावजी, पाऊस हाय! घरात पाणी येईल!"

"येतंय ते येऊ दे. ही वाळवीपोटी हाय नव्हं तुझी? हे खाईल का बघ."

त्यानं गवताचा कवळ खाली टाकला. मायाक्कानं तो अंगाखाली धरून, पावसाचा थेंब लागू न देता चंद्रीपुढं नेला. चंद्रीनं वास घेतला आणि खायला सुरुवात केली.

सात दिवस बिराप्पा रोज सकाळी शिडी लावत होता. पहिल्या दिवशी एक कोपरा उघडा पडला, तिसऱ्या दिवशी चूल विझली, पाचव्या दिवशी तो हंडे-कळशांसह मायाक्काच्या पडवीत आला. जेवताना तो पावसाला शिव्या द्यायचा आणि मायाक्का त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकायची. हौसाबाईची गाय चौथ्या दिवशी रवंथ करायला लागल्याचा निरोप आला.

शेवटच्या दोन दिवसांत चंद्रीला मोरचुदाचं पाणी देऊन झालं होतं. सातव्या दिवशी रेणुकानं मैनाच्या पोटातून रस काढला. बिराप्पानं चंद्रीचं डोकं काखेत धरलं. पाऊस पडतच होता. ओढ्यापलीकडून आणखी दोन माणसं दाव्याला जनावरं धरून पूर उतरायची वाट बघत उभी होती. मायाक्कानं गोधडीखालची बादली उचलली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि रस गार होऊ नये म्हणून भरभर चालत गोठ्याकडं निघाली.